आठ हजारांपर्यंतचा काटा

डिझेलवर न चालणाऱ्या गाडीला आमच्या गॅरेजात गाडी म्हणत नसत. पेट्रोलची गाडी आली की बाबा हात पुसत बाहेर यायचे, बॉनेटकडे एक नजर टाकायचे आणि लग्नाचं वय उलटून गेलेल्या मुलाला विचारावं तसं मालकाला विचारायचे, "मंग कवा टाकायचं डिझेल?" अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गॅरेज, त्याच्या मागे घर, आणि दोन्हींच्या मध्ये फक्त एक पत्र्याचं दार. त्या दारातून दिवसभर आवाज यायचे. कंप्रेसरची धडधड, पत्रा ठोकण्याचा आवाज, कादरचाचांचा खोकला, आणि मध्येच एखादं इंजिन सुरू होऊन बंद पडल्यावर सगळ्यांनी एकदम काढलेला "अरारारा". आई ज्वारीच्या भाकरी थापायची ती त्या धडधडीच्या तालावर. कंप्रेसर बंद पडला की तिची भाकर तव्यावर टाकताना फाटायची, आणि त्याचा दोष ती बाबांना द्यायची. अंबाडीची भाजी, तुरीचं वरण, लाल मिरचीचा ठेचा, असं साधंच जेवण असायचं, पण त्याला डिझेलचा वास असायचा. आजही मला तो वास आला की आधी भूक लागते.

आमचं पोट भरायचं ते काळ्या-पिवळ्या जिपांवर. परतवाडा, चांदूर बाजार, धारणीकडे माणसं कोंबून नेणाऱ्या या वडापच्या जिपा मूळच्या पेट्रोलच्या, सरकारी लिलावातून घेतलेल्या. आम्ही त्यांचं पेट्रोल इंजिन काढायचो आणि डिझेल बसवायचो. मालक घरी आणि ड्रायव्हर रस्त्यावर, त्यामुळे मालकाला एकच काळजी असायची, की पोट्टा एक्सिलेटर दाबत सुटेल आणि डिझेल जाळेल. त्यावर आमच्या गॅरेजचा एक इलाज होता. पेडलच्या खाली, मॅटच्या आड, बाभळीच्या लाकडाचा एक ठोकळा बसवायचा. त्याला गुटका म्हणत. गुटका बसला की पाय कितीही दाबा, पेडल थोडं खाली जाऊन थांबतं. कादरचाचा तो स्वतः तासायचे, काळा रंग द्यायचे आणि दोन स्क्रूंनी असा आवळायचे की ड्रायव्हरला शोधूनही सापडू नये. मालकाला सांगावं लागत नसे आणि आम्ही विचारत नसू. आमच्याकडून सर्व्हिस होऊन गेलेल्या गाडीत गुटका असायचाच, ती आमची रीत होती. तिचा बाबांना फार अभिमान होता.

कादरचाचा मूळचे बाळापूरचे. बाबा गिअरबॉक्स आणि बॉडी बघायचे, चाचा इंजिन. ते आमच्याकडे नोकर होते की भागीदार, हे मला लहानपणी कधी कळलं नाही आणि त्या दोघांनाही ते नीट माहीत नसावं. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून चाचांना दिवा धरून दाखवायची. पेट्रोलची जीप आली की प्लग खोलायचा, त्याची काजळी बघायची, आणि काजळीवरून इंजिनाची तब्येत ओळखायची, हे त्यांनी मला शिकवलं. चौदा वर्षांची झाले तेव्हा आईने एके दिवशी माझ्या फ्रॉकवरचा ऑइलचा डाग बघितला आणि सांगितलं, "बस झालं वं आता. तथी माणसं येतात." बाबांनीही मान हलवली. तेव्हापासून मला गॅरेजात जायला दोनच निमित्तं उरली, दुपारचा डबा आणि चारचा चहा. मी ती दोन्ही इतकी लांबवायची, की चहा थंड व्हायचा आणि चाचा म्हणायचे, "बेटा, असा चहा तं आमच्या बाळापुरात जनावरालेही पाजत नाईत."

बारावी झाली. अकोल्याला मावशीकडे राहून डी.एड. करायचं, मग मास्तरीण व्हायचं, मग लग्न, असं माझं सगळं ठरलेलं होतं. फॉर्म देव्हाऱ्याजवळ ठेवलेला होता. मला मास्तरीण व्हायचं नव्हतं. मला गॅरेजात काम करायचं होतं, आणि हे मी जेवताना सरळ सांगितलं होतं. आईने भाकर वाढता वाढता हात थांबवला होता आणि बाबा म्हणाले होते, "पोरगी काय गाडीखाली झोपते का? लोक काय म्हणतीन?" मी म्हटलं, "लोकांची गाडी दुरुस्त झाली का लोक काई म्हणत नाईत." फॉर्म भरायची शेवटची तारीख जवळ येत होती, आणि मी तो भरत नव्हते.

अशा दिवसांत ती जपानी गाडी आली. आली म्हणजे दुसऱ्यांदा आली. पहिल्यांदा तीन महिन्यांपूर्वी पुण्याहून एक ड्रायव्हर ती थेट आमच्याकडे सोडून गेला होता. अकोल्याच्या डॉक्टर राऊतांनी ती त्यांच्या पुण्यातल्या चुलतभावाकडून, नितीनकडून घेतली होती. राऊत दातांचे डॉक्टर. त्यांच्या वडिलांची जीप पहिल्यापासून आमच्याकडे, म्हणून गाडीही आधी आमच्याकडे, "मिस्त्रीच्या हाताखालून जाऊ दे" म्हणून. लहानशी, बुटकी, पांढरी, नाक जमिनीला टेकेल इतकं खाली. टायर गाडीच्या मानाने रुंद. आत बसलं की पाय पुढे लांब करून बसावं लागायचं. समोर दोन मोठी मीटरं होती. एक वेगाचं, आणि दुसरं इंजिनाच्या फेऱ्यांचं, शून्यापासून आठ हजारांपर्यंत. आमच्या जिपांना हे दुसरं मीटर नसायचंच. चाचांनी ते बघून मान हलवली होती. "आठ हजार? इंजिन हाये का चक्की?" गाडीचं ऑइल बदललं, धुतली, आणि डॉक्टर घ्यायला आले तेव्हा चाचांनी त्यांना नीट बजावलं, "हा काटा दोन हजाराच्या वर जाऊ देऊ नका. लवकर टॉप गिअरमधी टाका आन् टॉपमधीच ठेवा. इंजिन शंभर वर्षं चालते." डॉक्टर मान डोलवत गेले.

तीन महिन्यांनी परत आले ते संतापून. बायको-मुलांना घेऊन चिखलदऱ्याला गेले होते आणि गाडी घाटात चढेना. "मिस्त्री, काळीपिवळीनं मले घाटात कट मारला! तिच्यावर सोळा माणसं आन् टपावर बकरी! बकरी माह्याकडे पाहून राह्यली होती!" बाबांनी हसू दाबलं. चाचांना ते जमलं नाही. डॉक्टरांना हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. त्यांनी काय झालंय ते स्वतःच शोधून काढलं होतं. ही गाडी तीन इंजिनांत यायची. तेराशे सीसीचं एक, पंधराशेचं एक, आणि पंधराशेचंच पण जास्त ताकदीचं तिसरं. नितीनने तिसरं म्हणून पैसे घेतले आणि आत तेराशेचं बसवून दिलं, अशी त्यांची खात्री झाली होती. बाहेरून तिन्ही गाड्या सारख्याच दिसत, मागचं नाव रंगकामात निघून गेलेलं, कोण ओळखणार? "सख्ख्या चुलतभावानं फसवलं मले. साऱ्या घरात सांगतलं मी. त्याच्या बहिणीच्या लग्नालेही गेलो नाई." ते हे मोठ्या अभिमानाने सांगत होते. आता इलाज एकच. आहे ते इंजिन काढून फेकायचं आणि डिझेल टाकायचं. बाबांचा चेहरा उजळला. एका उलटलेल्या गाडीतलं लहान डिझेल इंजिन आमच्याकडे पडलेलंच होतं. गाडी आमच्याकडेच राहणार, चार दिवसांनी सकाळी डॉक्टर येणार आणि त्यांच्यासमोर काम सुरू होणार, असं ठरलं.

त्या चार दिवसांत मी काय केलं, हे सांगताना आजही माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. गाडीच्या कप्प्यात तिची पुस्तिका होती, इंग्रजी. डबा द्यायला गेले तेव्हा ती ओढणीत लपवून घरी आणली आणि डिक्शनरी घेऊन बसले. बारावी सायन्सला मी फिजिक्समध्ये जेमतेम पास झाले होते, पण ती पुस्तिका मी अशी वाचली की आईला वाटलं पोरगी डी.एड.च्या तयारीला लागली. तिने मला दूध आणून दिलं. पुस्तिकेत तिन्ही इंजिनांची माहिती होती. तिसऱ्याबद्दल लिहिलं होतं की ठरावीक फेऱ्यांच्या वर गेल्यावर त्याचे वॉल्व्ह जास्त उघडतात आणि खरी ताकद तिथून पुढे मिळते. म्हणजे या इंजिनाला दोन हजारांवर चालवणं म्हणजे त्याला चालवणंच नाही. आमच्याकडे मात्र लहानपणापासून शिकवलेलं उलटं होतं, की इंजिन जितकं हळू फिरेल तितकं चांगलं. डिझेलच्या बाबतीत ते बरोबरही होतं. पण सगळं जग डिझेलवर चालत नाही, हे आमच्या गॅरेजला सांगणार कोण? पुस्तिकेच्या शेवटी प्रत्येक इंजिनावर ठोकलेल्या नंबराची सुरुवात कशी असते, ते दिलेलं होतं. तिसऱ्या इंजिनाची ती सुरुवात मी तळहातावर पेनने लिहून घेतली.

ठरलेल्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन लवकर गेले. इंजिन उचलायची चेनकप्पी गाडीच्या डोक्यावर टांगून तयार होती. बाबा टपरीवर पान आणायला गेले होते. मी बॉनेट उघडलं, फडक्याने इंजिनाच्या अंगावरची माती पुसली आणि नंबर तळहाताशी लावून बघितला. तिसरंच इंजिन होतं. नितीनने कोणाला फसवलं नव्हतं. मी चाचांना हात दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, नंबर बघितला, माझा हात बघितला. "मोठंच इंजिन हाये म्हणतं?" "हाव." "मंग पळत काहून नाई?" मी गाडीत बसले, पाय लांब केला आणि एक्सिलेटर दाबला. जेमतेम दोन बोटं खाली गेला आणि टक करून थांबला.

तो आवाज मी ओळखत होते. मॅट उचलला तर खाली आमचा गुटका. काळा रंग दिलेला, दोन स्क्रू, चाचांच्या हातची सफाई. पहिल्या सर्व्हिसला, न विचारता, रीतीप्रमाणे. चाचा दार धरून वाकून बघत होते. त्यांचा चेहरा उतरला. "या अल्ला," ते म्हणाले, "हा तं मीच बसवला." मग मी एक प्लग खोलला. तो काजळीने भरून गेला होता. तीन महिने दोन हजारांवर रखडलेल्या इंजिनाचा प्लग दुसरा कसा असणार? इतक्यात पान लावून बाबा आले. मी गुटका काढून त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी फिरवून बघितला.

मग ते हळू आवाजात बोलले. "प्लग साफ कर. गुटका भट्टीत टाक. डॉक्टरले म्हणू का इंजिन सेट केलं. गाडी पळाली का त्याचं काम झालं, आपलं बी झालं." मी म्हटलं, "आन् नितीनचं?" "कोण नितीन? तो पुण्याचा? त्याचं काय करायचं आपल्याले?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुले गॅरेजात यायचं हाये ना? उद्यापासून ये. डी.एड. नाई, काई नाई. तुह्या आईले मी समजावतो. पण याबद्दल तोंडातून शब्द काढायचा नाई. या गॅरेजचं नाव हाये, नंदे. वीस वर्षांचं." जे मला हवं होतं ते असं, चार वाक्यांत, पानाच्या वासासकट माझ्यासमोर ठेवलं गेलं. मी हो म्हटलं. लपवून काय करू, मी हो म्हटलं. तेवढ्या वेळात मी नितीनला पार विसरले. प्लग इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी साफ केले नव्हते.

डॉक्टर दहाला आले. बाबांनी त्यांना सांगितलं की इंजिन काढायची गरज नाही, सेट झालंय, बघा चालवून. डॉक्टरांचा विश्वास बसेना. "मी नाई चालवत. पुन्हा कोणत्या बकरीनं पाह्यलं तं?" चाचा म्हणाले, "मंग नंदा चालवते." बाबांनी डोळे वटारले, पण चाचांनी तिकडे पाहिलंच नाही. लायसन्स माझ्याकडे होतं. बाबांनीच काढून दिलं होतं, लग्नाच्या बोलणीत सांगायला बरं म्हणून. जीप मी शेतातल्या गाडरस्त्यावर चालवलेली होती. डॉक्टरांना अकोल्याला परत जायचंच होतं, म्हणून त्यांच्याच रस्त्याला निघालो. ते माझ्या शेजारी, बाबा मागे, गुडघे छातीशी घेऊन.

बडनेरा मागे पडेपर्यंत मी सभ्यपणे चालवली. पुढे रस्ता सरळ आणि मोकळा होता, दोन्ही बाजूंना काळी जमीन, दूरवर एक बैलगाडी. मी गिअर तिसऱ्यात आणला आणि पाय दाबला. पेडल खाली जात राहिलं. कुठेच थांबलं नाही. मागून काळा धूर निघाला, तीन महिन्यांची काजळी. काटा तीन हजारांवर गेला, चारवर गेला. जिपेचा आवाज वाढला की ती थकल्यासारखी वाटते. ही थकत नव्हती. साडेपाच हजारांच्या आसपास तिचा आवाज एकदम बदलला, धूर थांबला आणि आम्ही तिघंही सीटला चिकटलो. "नंदे, कमी कर!" मागून बाबा ओरडले. "नाई करत!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांना 'नाही' म्हटलं आणि त्याच वेळी सुखात होते. काटा लाल पट्ट्याला टेकला तेव्हा मी चौथा टाकला. डॉक्टर हसत होते, मांडीवर हात मारत होते, बायकोचं नाव घेऊन काहीतरी म्हणत होते. मला रडू येत होतं. आता माझ्या घरची पोरं ज्या गाड्या चालवतात त्या फार गुणी आहेत, त्यांना आवाजही नाही आणि हट्टही नाही. पोरांना हे सांगितलं तर ती मोबाईलमधून मान वर करून म्हणतात, "आजी, मायलेज काय होतं तिचं?"

मूर्तिजापूरला डॉक्टरांनी गाडी थांबवायला लावली आणि टपरीवर तिघांना चहा सांगितला. ते लहान मुलासारखे गाडीभोवती फिरत होते. "मिस्त्री, मानलं तुमाले. काय केलं काय नेमकं?" बाबांनी बशीत चहा ओतला. "इंजिन सेट केलं. देतानाच खराब करून देल्लं होतं ना त्यानं, तुमच्या भावानं. प्लग पाहा, काजळी पाहा. आमी होतो म्हून वाचलं." डॉक्टर म्हणाले, "मी म्हटलंच होतं! हरामखोर हाये तो. आता तं त्याले साऱ्या नातेवाइकांत उघडा पाडतो." आणि बाबांनी मान डोलावली.

ती मान डोलावणं मला सहन झालं नाही. गप्प राहायचं मी कबूल केलं होतं. पण हे गप्प राहणं नव्हतं, हे एका माणसावर आळ घालणं होतं. कोण कुठला नितीन, मी त्याला जन्मात पाहिलेलं नव्हतं. पण त्याने खरी वस्तू खऱ्या नावाने विकली होती, आणि आम्ही ती लाकडाचा तुकडा लावून खोटी केली होती. उद्यापासून मी ज्या गॅरेजात जाणार होते, तिथलं माझं पहिलं काम हे असणार होतं का? मी चहाचा ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला आणि म्हटलं, "डॉक्टरसाहेब, तुमच्या भावानं काई केलं नाई. इंजिन मोठंच हाये, नंबर मी पाह्यला. एक्सिलेटरखाली आमी गुटका बसवला होता. आमच्या गॅरेजनं. तुमाले न विचारता. वरून दोन हजाराच्या वर नेऊ नका म्हून बी आमीच सांगतलं."

डॉक्टर आधी माझ्याकडे बघत राहिले, मग बाबांकडे. बाबा बशीकडे बघत होते. "मिस्त्री," डॉक्टर अगदी हळू म्हणाले, "इतके दिवस मी त्याले शिव्या देऊन राह्यलो. त्याच्या बहिणीच्या लग्नाले नाई गेलो मी. काकू फोनवर रडली माह्याजवळ." डॉक्टरांनी चहाचे पैसे दिले, गाडीत बसले आणि अकोल्याच्या दिशेने निघून गेले. गाडीचा आवाज बराच लांब जाईपर्यंत ऐकू येत होता. तिसरा गिअर ते नीट लांबवत होते, एवढं मला कळलं.

आम्ही एसटीने परतलो. बाबा दुसऱ्या सीटवर जाऊन बसले, बस अर्धी रिकामी असताना. दीड तासात एकदाही त्यांनी मागे वळून बघितलं नाही. मला पश्चात्ताप झाला का, असं पुढे लोकांनी मला पुष्कळदा विचारलं. बापाची इज्जत चहाच्या टपरीवर घालवलीस, वाईट नाही वाटलं? वाटलं. आपण आपलंच घर जाळलं असंही वाटत होतं. पण पुन्हा ती टपरी आणि तो चहा समोर आला तर मी पुन्हा तेच बोलेन, आणि या वेळी ग्लास ठेवण्याइतकीही वाट बघणार नाही.

घरी आल्यावर बाबांनी चपला काढल्या आणि दारातच सांगितलं, "उद्यापासून गॅरेजात पाय ठेवायचा नाई. डबा बी कोणीतरी दुसरं आणीन. फॉर्म भर आन् मावशीकडे जा." मी म्हटलं, "येईन मी उद्या." ते म्हणाले, "येऊन पाह्य." संध्याकाळी आईने कढीगोळे केले होते. बाबा जेवून उठले. ते गेल्यावर आईने मला भरपूर बोलून घेतलं. चार लोकांत बापाचं नाक कापलं, आता कोण देईल या गॅरेजला गाडी, असं सगळं. मग माझ्या ताटात आणखी दोन गोळे टाकून, आवाज खाली आणून तिने विचारलं, "वं, पण खरंच किती पळाली?" मी सांगितलं. आईने तोंडावर पदर धरला आणि कितीतरी वेळ ती मान हलवत राहिली.

सकाळी सहालाच मी उठले. बाबांचा जुना शर्ट सलवारवर घातला, केस घट्ट बांधले, खुंटीवरून किल्ली काढली आणि गॅरेजचं शटर स्वतः वर केलं. ते फार जड होतं. अर्ध्यात अडकलं तेव्हा खांदा लावला. झाडून घेतलं, पाने ओळीने लावले, कंप्रेसरमधलं पाणी काढलं. पत्र्याचं दार वाजलं आणि बाबा आले. मला बघून उंबऱ्यातच थांबले. "घरी जा." "नाई जात." "तुले समजत नाई का एकदा सांगतलेलं?" "समजते. नाई जात. ओढून न्यायचं असन तं न्या, चार लोकं पाहतीन." बाहेर टपरी उघडत होती, दोन ड्रायव्हर दात घासत उभे होते आणि आमच्याकडेच बघत होते. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग चटई टाकली आणि आदल्या दिवशीच्या अर्धवट राहिलेल्या जिपेखाली सरकले. चाचा अजून आले नव्हते. मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. खाली ठोकाठोक चालू होती. मग त्यांचा तेलाने माखलेला हात जिपेखालून बाहेर आला, तळवा वर करून.

"चौदाचा पाना."

पाना माझ्या हाताशीच होता. मी हलले नाही. "कोणाले मागून राह्यले, बाबा?"

खालची ठोकाठोक थांबली. गिअरबॉक्सचं तेल त्यांच्या मनगटावरून कोपराकडे ओघळत होतं. खोललेलं झाकण ते दुसऱ्या हाताने धरून होते आणि सोडू शकत नव्हते, हे मला दिसत होतं. "अथी दुसरं कोण हाये?" ते म्हणाले.

"नाव घ्या."

हात तसाच राहिला. टपरीवरचा एक ड्रायव्हर तोंडातली चूळ न टाकता बघत होता. मला वाटलं, आता ते बाहेर येतील आणि मला मारतील. त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, पण मी तयार होते.

"नंदा मिस्त्री," बाबा जिपेखालून ओरडले, "चौदाचा पाना दे लवकर, तेल सांडून राह्यलं!"

ते चिडून म्हणाले की खरंच म्हणाले, हे मी त्यांना शेवटपर्यंत विचारलं नाही. मी पाना दिला.